पाटीवरचं साल आणि आल्तारचं वय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वसईच्या उत्तर पट्ट्यातलं तुमचं चर्च, दाराशी संगमरवरी पाटी आणि पाटीवर सोळाव्या शतकातलं साल. येत्या सणाआधी पालकीय परिषदेला आल्तार, म्हणजे वेदीमागचं कोरीव लाकडी मखर, ऑइलपेंटने पुन्हा सोनेरी करून घ्यायचाय, जुनी फरशी उखडून ग्रॅनाइट टाकायचंय आणि स्मरणिकेत चर्चचा इतिहास छापायचाय. घंटाघराच्या माळ्यावर एक जुनं पुलपीट, म्हणजे प्रवचनाचा उंच लाकडी मंच, पडून आहे, ते ठेवायचं की भंगारात द्यायचं, हेही तुम्ही विचारलंत. मी जुने लाकडी आल्तार आणि मूर्ती दुरुस्त करण्याच्या कामातला माणूस आहे, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. पुलपीट देऊ नका. ऑइलपेंट लावू नका. आणि पाटीवरचं साल बहुधा खरं असेल, पण ते तुमच्या भिंतींचं नाही, आल्तारचं तर नाहीच नाही.

साल असतं ते धर्मग्रामाचं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती वस्तीचं. १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि त्यानंतर लगेच अँतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने इथे कामाला सुरुवात केली. मागोमाग जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन या इतर संघांचे धर्मगुरू आले. त्यांच्या नोंदींमध्ये 'अमुक साली अमुक गावी चर्च उभं केलं' असं जे लिहिलेलं असतं तेच साल पुढे पाट्यांवर चढलं. पण ती पहिली वास्तू आज जशीच्या तशी उभी आहे असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. मे १६१८मध्ये वसईवर भीषण वादळ आलं. १६७४मध्ये मस्कतहून आलेल्या सहाशे अरबांनी कोटाबाहेरची चर्चेस लुटली. आणि मग १७३९. चिमाजी आप्पांच्या फौजेने त्या वर्षीच्या मे महिन्यात वसईचा कोट घेतला, आणि शरणागतीच्या तहात पोर्तुगीजांना पाचच चर्चेस राखायची मुभा मिळाली: तीन वसई शहरात, एक परगण्यात आणि एक साष्टी बेटावर. युरोपीय धर्मगुरू निघून गेले, गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी उरलेल्या ख्रिस्ती वस्त्या सांभाळल्या. कित्येक गावांतली चर्चेस पडीक झाली आणि पुढे एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधली गेली. आज ज्याला आपण 'पोर्तुगीजांच्या काळातलं चर्च' म्हणतो त्यातला बराचसा भाग इंग्रजांच्या काळातला असतो. यात कमीपणा कसला? पडकं चर्च गावाने स्वतःच्या खिशातून उभं केलं, हा इतिहास पोर्तुगीज कॅप्टनच्या देणगीपेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो. स्मरणिकेत तो लिहा.

एवढं पटलं की पुढचं सोपं होतं. इमारतीचं एक वय शोधत बसू नका, प्रत्येक वस्तूचं वेगळं शोधा. कोकणपट्टीतल्या चर्चमधल्या वस्तू फार फिरलेल्या आहेत. वांद्र्याच्या मोत माउलीचंच (माउंट मेरीचंच) बघा. १७३९च्या धामधुमीत तिची मूर्ती माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नेली आणि १७६१पर्यंत ती तिथेच होती. इतकी नामांकित मूर्ती बावीस वर्षं दुसऱ्या चर्चमध्ये राहू शकते, तर एखादा खेड्यातला आल्तार कोटातल्या मोडक्या चर्चमधून बैलगाडीवर आलेला असणं मुळीच अशक्य नाही. त्याची खूण सापडते. आल्तार त्या भिंतीसाठी घडवलेला नसेल तर वरची कमान छताला अडते, किंवा बाजूला मागाहून जोडलेल्या फळ्या दिसतात, किंवा खांब खालून कापलेले असतात. टॉर्च घेऊन आल्तारच्या मागे शिरा. पुढून दहा वेळा रंगवलेलं लाकूड मागून बहुतेक वेळा कोरंच असतं. फळीवर वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) उथळ, आडवेतिडवे घाव दिसले, खिळे चौकोनी आणि लोहाराने ठोकलेले निघाले, सांधे लाकडी खुंट्यांनी अडकवलेले असले तर वस्तू जुनी. फळीवर गोल करवतीच्या वाकड्या रेघा आणि गोल तारेचे खिळे असतील तर ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या अलीकडची, मग नक्षी कितीही 'पोर्तुगीज' दिसो. बऱ्याचदा एकाच आल्तारमध्ये दोन्ही सापडतं: मधला कोनाडा आणि पिळाचे खांब जुने, दोन्ही बाजूंचे पंख नंतरचे.

छपराचं थोडक्यात सांगतो. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५मध्ये काढला, म्हणजे ती कौलं त्याच्या आधीची असूच शकत नाहीत. कौल उलटं करून बघा, कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. शिंपल्याच्या तावदानांची एखादी खिडकी सॅक्रिस्टीत (धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीत) किंवा माळ्यावर उरली असेल तर तिला हात लावू देऊ नका, हल्ली ते काम करणारे हात फार थोडे राहिलेत.

आता फरशी, कारण ग्रॅनाइटचा ठराव झालाय म्हणता. जुन्या चर्चमध्ये लोकांना चर्चच्या आतच, फरशीखाली पुरत. तुमच्या मधल्या वाटेवर, विशेषतः आल्तारच्या पायऱ्यांजवळ, काळ्या दगडाच्या लांबट लाद्या असतील आणि शेकडो वर्षांच्या पावलांनी त्या गुळगुळीत झाल्या असतील, तर अक्षरं नाहीत असं लगेच ठरवू नका. रात्री चर्चचे सगळे दिवे घालवा, टॉर्च लादीच्या कडेला जवळजवळ आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. वरून पडणाऱ्या उजेडात सपाट वाटणारा दगड या तिरप्या प्रकाशात बोलायला लागतो. सुरुवातीला 'अकी झाश' म्हणजे 'इथे विसावला आहे' असा मजकूर, मग नाव, बहुतेकदा 'आणि त्याची बायको व वारस' असं पुढे जोडलेलं, शेवटी साल. अक्षरं जागा वाचवायला एकमेकांत गुंतवलेली असतात, एका अक्षराच्या पोटात दुसरं, आणि शब्दांवर छोटी रेघ मारून अर्धा शब्द गाळलेला असतो. वाचता आलं नाही तरी हरकत नाही. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असा चारही बाजूंनी तिरपा उजेड टाकून फोटो काढा. पोर्तुगीज जाणणारा माणूस ते घरबसल्या वाचून देईल. लादीवर खडू फासू नका, तेल तर बिलकूल ओतू नका. ती लादी तुमच्या चर्चचा सर्वात भरवशाचा कागद आहे, कारण तिच्यावरचं साल कुणी मागाहून ऐकीव माहितीवरून कोरलेलं नाही. तिच्यावर ग्रॅनाइट चिकटवलं की तो कागद कायमचा गेला.

फरशीबद्दल दुसरी अडचण ओलीची आहे. चुन्यात बसवलेल्या दगडी फरशीतून जमिनीतली वाफ वर येऊन उडून जाते. तिच्यावर सिमेंट आणि ग्रॅनाइटचं झाकण घातलं की तीच ओल भिंतीत चढते आणि भिंतीला टेकलेल्या आल्तारच्या पायात शिरते. मग वाळवी. भिंतींना सिमेंटचा गिलावा केलेल्या चर्चमध्ये कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे आणि पांढरं मीठ दिसतं, तो हाच प्रकार. आमच्याकडे येणाऱ्या किडक्या आल्तारांपैकी बरेचसे या 'सुधारणे'चे बळी असतात. फरशीला पैसे घालायचेच असतील तर फुटक्या लाद्या चुन्यात पुन्हा बसवून घ्या आणि चर्चभोवतीची पागोळ्यांची गटारं साफ करून पाणी भिंतीपासून लांब न्या. दिसायला काहीच झालेलं दिसत नाही, हे खरं. फोटोत ग्रॅनाइटच उठून दिसतं.

आल्तारकडे येतो. तुमच्या फोटोत तो क्रीम रंगाचा आहे आणि नक्षीवर सोनेरी ऑइलपेंट आहे, तोही आता हिरवट-तपकिरी पडलाय. तो पडणारच. बाजारातला सोनेरी रंग म्हणजे पितळेची पूड. आपल्या खाऱ्या हवेत तिचा कळकटपणा थोड्याच वर्षांत वर येतो, मग पुढची परिषद पुन्हा रंगवते, आणि असे थर चढत चढत देवदूतांच्या नाकाडोळ्यांची ढेकळं होतात. खालचं मूळ काम कसं केलेलं असतं ते समजून घ्या. सागवानावर आधी सरस आणि खडूच्या पुडीचा लेप, एकावर एक, घासून हाडासारखा गुळगुळीत केलेला. त्यावर तांबड्या चिकणमातीचा पातळ थर. तो थर ओला करून त्यावर खऱ्या सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि वाळल्यावर अकीकाच्या दगडाने घोटायचा. तांबड्या मातीमुळे सोन्याला ऊब येते, मेणबत्तीच्या उजेडात ते आतून पेटल्यासारखं दिसतं. हे सोनं कधी काळवंडत नाही. तुमच्या ऑइलपेंटखाली ते अजून असण्याची शक्यता चांगली आहे. एखाद्या कोपऱ्यात, खांबाच्या मागच्या बाजूला, रंगाचा पोपडा आपोआप सुटलेला शोधा आणि भिंगातून त्याची कड बघा: क्रीम, मग पितळी, मग निळा किंवा पांढरा, आणि तळाशी तांबूस रेघेवर सोन्याची चमक. एवढं दिसलं तर स्वतः पुढे खरवडू नका.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना बजावून सांगा, विशेषतः सणाआधी साफसफाईला येणाऱ्या मंडळींना. उघड्या सोन्यावर ओलं फडकं फिरवायचं नाही. खालचा लेप सरसाचा आहे, पाण्याने तो विरघळतो आणि सोनं फडक्याला लागून येतं. धूळ काढायची ती मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने, आणि तीही जिथे काही सुटं झालेलं नाही तिथेच. थिनर, रंग काढायचं रसायन, आगीची फुंकणी, ग्राइंडर ही नावंही चर्चच्या आवारात काढू नका. फर्निचर पॉलिशवाला कितीही कुशल असला तरी त्याचं सगळं शिक्षण जुनं घासून नवं चमकवण्याचं असतं, आणि इथे नेमकं तेच नको आहे.

पुलपीटाची गोष्ट अशी की ते माळ्यावर का गेलं याला तारीख आहे. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, १९६२ ते १९६५ या काळात भरली, आणि तिच्यानंतर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिन सोडून मराठीत आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. त्यासाठी नवी वेदी पुढे आली. मायक्रोफोन तोवर आलाच होता, त्यामुळे डोक्यावर लाकडी छत्री असलेल्या उंच पुलपीटाची गरज संपली. ती छत्री शोभेची नव्हती, आवाज वर न जाता लोकांपर्यंत जावा म्हणून होती. त्या लाटेत पुलपीटं उतरली, कम्युनियनचे कठडे निघाले, काही ठिकाणी आल्तारही मोडले. पण गंमत अशी की परिषदेने असं काही करायला सांगितलंच नव्हतं. उपासनाविधीवरच्या तिच्या १९६३च्या दस्तऐवजात, परिच्छेद १२६मध्ये, पवित्र सामान आणि मोलाच्या कलावस्तू विकल्या वा विखुरल्या जाऊ नयेत याची बिशपांनी कसून काळजी घ्यावी असं स्पष्ट म्हटलंय. 'व्हॅटिकनने काढायला सांगितलं' असं तुमच्या पालकीय परिषदेत कुणी म्हणालं तर हा परिच्छेद समोर ठेवा. पुलपीटाच्या फळ्या मोजा, नक्षीचे फोटो काढा, छत्री आणि जिना वेगळे कुठे पडलेत ते शोधा. गोव्यातल्या काही पुलपीटांना खालून नागकन्यांनी तोलून धरलेलं आहे, आपल्याच सुतारांनी घडवलेल्या. तुमच्या पुलपीटाच्या तळाशी काय आहे ते फोटोत नीट दिसत नाही, तिथला एक जवळून काढून पाठवा.

मूर्तींचा काळ ओळखायला भक्तीचा इतिहास कामी येतो. लुर्दची माउली १८५८च्या आधीची असू शकत नाही, फातिमाची १९१७च्या आधीची नाही, लिटल फ्लॉवरची, म्हणजे संत तेरेझाची, मूर्ती १९२५च्या सुमारापासून पुढची. गोन्सालो गार्सिया हा तर वसईचाच, १५९७मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला, १६२७मध्ये त्याला धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं आणि १८६२मध्ये संतपद मिळालं, त्यामुळे त्याची मूर्ती जुनीही असू शकते. प्लास्टरच्या, गुलाबी गालांच्या मूर्ती बहुतेक गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत बाहेरून आणलेल्या. जुनी मूर्ती उचलून बघितली की लाकडाचं वजन हाताला कळतं, आणि मिरवणुकीत न्यायची असेल तर मागून पोकळ केलेली असते. चेहरा आणि हात हस्तिदंताचे, बाकी अंग लाकडाचं, अशी एखादी लहान मूर्ती सॅक्रिस्टीच्या कपाटात निघाली तर तिची वाच्यता बाहेर करू नका आणि तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. चोरांना पत्ता लागतो. शिवाय हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव कायद्याने बंदी आहे. दर्शनी भिंतीवर किंवा आल्तारवर 'आयएचएस' ही येशूच्या नावाची अक्षरं दिसली म्हणून चर्च जेझुइटांचं होतं असंही ठरवू नका. ते चिन्ह सगळेच वापरत. एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हात दिसले तर मात्र फ्रान्सिस्कन म्हणायला आधार आहे.

घंटेवर साल असेल तर वाचा, पण ती तुमच्या चर्चची मूळची घंटा असेलच असं नाही. १७३९नंतर वसईच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही आहेत, मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूसह मरियेचं चित्र आहे. चांदीची भांडी चिंच किंवा दंतमंजनाने घासू नका. आणि जरीचे जुने झगे खिळ्याला टांगून ठेवू नका, धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळून आडवे ठेवा. याहून जास्त सध्या नको.

कागदपत्रांसाठी कुठे जायचं हे मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच स्मरणिका लिहिणारे गोंधळतात. स्नानसंस्कार आणि विवाह यांच्या वह्या ठेवण्याची शिस्त ट्रेंटच्या धर्मपरिषदेपासूनची, म्हणजे सोळाव्या शतकापासूनची. पण तुमची सर्वात जुनी वही १७३९नंतरची निघाली तर नवल मानू नका. तिच्यातली भाषा आधी पोर्तुगीज, मग लॅटिन किंवा इंग्रजी अशी बदलत जाते. समासातल्या नोंदी वाचा: छप्पर कोसळल्यामुळे लग्न दुसऱ्या गावी लागलं, पटकीने एका महिन्यात किती माणसं गेली, असं बरंच काही तिथे असतं. वहीबाहेरचे कागद शोधताना ध्यानात ठेवा की वसई एकाच धर्मप्रांतात (बिशपांच्या अधिकारक्षेत्रात) राहिली नाही. आधी गोव्याखाली, १८८६पासून दमण धर्मप्रांतात, १९२८मध्ये तो धर्मप्रांत मोडल्यावर मुंबईकडे आणि १९९८पासून स्वतंत्र वसई धर्मप्रांत. म्हणून मुंबईला काही मिळालं नाही म्हणजे कागदच नाहीत असं होत नाही, ते पणजीच्या पुराभिलेखागारात किंवा गोव्याच्या धर्मप्रांताकडे असू शकतात. वसई मोहिमेचे आणि नंतरच्या पेशवाईतले मोडी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत, आणि चर्चच्या इतिहासासाठी ते उघडणारे लोक फारच कमी. तुमच्या भागातल्या कुणा मोडी वाचकाला गाठा. गावच्या म्हाताऱ्यांनाही विचारा, पण 'चर्च कधी बांधलं' असं नको. 'तुमच्या लहानपणी आल्तार कुठल्या रंगाचा होता, पुलपीटावरून शेवटचं प्रवचन कुणी दिलं' असं विचारा, त्याचं उत्तर नेमकं मिळतं.

परवानगीचं राहिलं. चर्चच्या कायद्याच्या १९८३च्या संहितेत कलम ११८९ आहे: वय, कला किंवा भक्ती यांमुळे मोलाच्या असलेल्या मूर्तींची दुरुस्ती बिशपांच्या लेखी परवानगीशिवाय करायची नाही, आणि बिशपांनीही ती तज्ज्ञांना विचारूनच द्यायची. चर्चच्या मालमत्तेची यादी ठेवायला कलम १२८३ सांगतं. सरकारी बाजूने, १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावशेष ठरते, ती देशाबाहेर नेता येत नाही आणि काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. त्यामुळे 'रंगाऱ्याला सांगून टाकू' हा ठराव परिषदेच्या हातातला नाहीच, आणि तुमच्या फादरांना हे सांगितलंत तर त्यांच्याही डोक्यावरचं ओझं उतरेल. नाही म्हणायला त्यांना कारण हवंच असतं.

सणाला वेळ थोडा आहे, म्हणून यंदा एवढंच करा. मोबाइल असला तरी चालेल, प्रत्येक वस्तूचा पुढून, मागून आणि शेजारी मोजपट्टी धरून फोटो, वहीत क्रमांक, माप, ठिकाण आणि अवस्था. आल्तारच्या पायथ्याशी काळा कागद पसरून ठेवा आणि आठवड्याने बघा. त्यावर ताजा पिवळसर भुगा पडला असेल तर कीड जिवंत आहे आणि रंगाआधी त्याचा बंदोबस्त करायचा आहे. भुगा नसेल तर जुनी भोकं तशीच राहू द्या. आल्तार कोरड्या ब्रशने झटका, फुलांच्या कुंड्या आणि मेणबत्त्या लाकडापासून हातभर लांब ठेवा, हॅलोजन काढून टाका. सण यात नीट पार पडतो.

कारागीर नंतर शोधा, आणि जो येईल त्याच्याकडून आधी एका खांबाचं वीतभर काम लेखी अहवालासह करून घ्या: कुठले थर निघाले, काय वापरलं, काय तसंच ठेवलं. पहिल्याच भेटीत सगळ्या आल्तारचा भाव सांगणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. खर्चाचं म्हणाल तर ग्रॅनाइटसाठी जमलेल्या पैशांतून आधी गटारं, मग कीड, मग आल्तार हा क्रम धरा. पुलपीट त्याच्याही नंतर, पण तोवर ते माळ्यावरून खाली आणून सॅक्रिस्टीत विटांवर, भिंतीपासून सुटं ठेवा. घंटाघराच्या माळ्यावर पावसाचं पाणी आत येतं, हे तुमच्याच फोटोत भिंतीवरच्या ओघळांवरून दिसतंय.